नातवंडांपुढे साक्ष

पुणे,
२८ डिसेंबर

प्रिय दादा आणि वहिनी,



तुमचे पत्र मिळाले. नातवंडे नाताळाला घरी आली आहेत आणि नवे वर्ष लागले की परत जातील. एवढ्या थोड्या दिवसांत विश्वासाच्या बाबतीत त्यांना काय द्यावे, असे तुम्ही विचारले आहे. रोज एक वचन पाठ करून घ्यावे, गोष्टींचे बायबल द्यावे, की मुलाशी आणि सुनेशी संडे स्कूलबद्दल स्पष्ट बोलावे, असे तीन मार्ग तुम्ही लिहिलेत. तिन्हींत वाईट काहीच नाही. पण आजी-आजोबांचे खास काम यांपैकी एकातही येत नाही, असे मला वाटते. धर्मशिक्षण पाळक देऊ शकतात, संडे स्कूलचे शिक्षक देऊ शकतात. रोजची शिस्त लावणे आईवडिलांकडे आहे. साठ-सत्तर वर्षे देवाबरोबर चालून काय अनुभवले, हे मात्र घरात फक्त आजी-आजोबाच सांगू शकतात. नातवंडांना तुमच्याकडून शिकवणीपेक्षा साक्षीची गरज अधिक आहे. या पत्रात मला एवढेच सांगायचे आहे, आणि ते का, तेही.

वर्षअखेरची वेळ याला फार योग्य आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री आपण देवळात जमतो, सरत्या वर्षाबद्दल उपकारस्तुती करतो आणि प्रार्थनेत नवे वर्ष सुरू करतो. या रिवाजाला मोठी परंपरा आहे. जर्मनीतल्या हर्नहूट येथे मोरेव्हियन मंडळीने १७३३ मध्ये अशी जागरणाची उपासना केली. पुढे जॉन वेस्ली यांनी ती मेथडिस्ट मंडळ्यांत आणली, आणि १७५५ पासून देवाशी केलेला करार नव्याने करण्याची उपासनाही त्यांनी रूढ केली. या उपासनांचा गाभा स्मरण आहे, आणि स्मरणाचे नाते बायबलमध्ये वारंवार मुलांशी जोडलेले दिसते. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातले बारा धोंडे गिलगालात उभे करवले. ते कशासाठी, याचे कारणही त्याने सांगून ठेवले: पुढे मुले या धोंड्यांचा अर्थ विचारतील, तेव्हा काय घडले ते त्यांना सांगा. इथला क्रम लक्षात घ्या. आधी मुलाला दिसेल असे काहीतरी उभे राहते, मग मूल विचारते, आणि मग मोठी माणसे घडलेली हकिगत सांगतात. त्याच इतिहासात थोडे पुढे, शास्त्यांच्या पुस्तकात, परमेश्वराला आणि त्याने केलेल्या कार्याला न ओळखणारी पिढी उभी राहिल्याची नोंद आहे. नियमशास्त्र तेव्हाही होते. तरी पाहिलेल्यांची हकिगत पुढच्यांच्या मनात उतरली नव्हती.

आजोबा आणि नातू यांचा बायबलमधला सर्वांत भरीव प्रसंग उत्पत्तीच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात आहे. आजारी याकोबाकडे योसेफ आपल्या दोन मुलांना, मनश्शे आणि एफ्राईम यांना घेऊन येतो. ही मुले मिसरात जन्मलेली, तिथल्या दरबारी वातावरणात वाढलेली, आणि त्यांची आई आसनथ मिसरी याजकाची मुलगी. आजच्या भाषेत बोलायचे तर परदेशात वाढलेली, मिश्र घरातली नातवंडे. याकोब त्यांची परीक्षा घेत नाही आणि योसेफाला त्यांच्या संगोपनाचा जाब विचारत नाही. लूज येथे देवाने आपल्याला दर्शन कसे दिले ते तो आधी सांगतो. त्याच बोलण्यात वाटेत राहेल वारली, हे दुःखही सांगतो. मग नातवांना जवळ घेतो, त्यांचे मुके घेतो, आणि शेवटी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. त्या आशीर्वादात तो देवाचे वर्णन करतो तेही जन्मभर आपल्याला सांभाळत आलेला मेंढपाळ म्हणून. आपली हकिगत, मग माया, मग आशीर्वाद: आजोबांचे संपूर्ण काम या एका अध्यायात आले आहे. नवा करारही याला दुजोरा देतो. तीमथ्याचा निष्कपट विश्वास आठवताना पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. तीमथ्याचे वडील हेल्लेणी (ग्रीक) होते, म्हणजे तेही मिश्र घर होते, आणि त्या घरात आजीचा विश्वास नातवापर्यंत पोहोचला.

शास्त्राबाहेरचा पुरावा हवा असेल तर जपानचा इतिहास पाहा. गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला पोहोचले आणि तिथे ख्रिस्ती मंडळी उभी राहू लागली. १६१४ मध्ये देशभर बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले, अनेकजण मारले गेले, चर्च पाडली गेली. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे त्या लोकांकडे ना देऊळ होते, ना धर्मगुरू. १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे फादर पेतिजाँ यांच्यापुढे येऊन उभी राहिली आणि आपणही याच विश्वासाचे आहोत असे त्यांनी सांगितले. इतक्या पिढ्या बाप्तिस्मा, प्रार्थना आणि सणांचे दिवस घराघरांतून आणि गावागावांतून मोठ्यांनी लहानांना दिले होते. याच इतिहासात एक सावधगिरीची सूचनाही आहे. पाठांतराने जपलेल्या काही प्रार्थनांचे शब्द उरले, पण म्हणणाऱ्यांना त्यांचा अर्थ कळेनासा झाला. शब्द टिकवायला पाठांतर पुरते. अर्थ टिकवायचा तर कुणीतरी तो स्वतः जगून सांगावा लागतो. म्हणूनच, दादा, वचन जरूर पाठ करून घ्या, पण ते वचन तुम्हाला कोणत्या संकटात उपयोगी पडले, हेही त्याच बैठकीत सांगा.

आजच्या काळातला पुरावाही आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हर्न बेंगत्सन यांनी १९७० पासून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या साडेतीनशेहून अधिक कुटुंबांचा, साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास चालवला आणि २०१३ मध्ये ‘फॅमिलीज अँड फेथ’ हे पुस्तक लिहिले. त्यांना असे दिसले की आईवडील, विशेषतः वडील, मुलांशी मायेने जोडलेले असतील तर धर्म पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता वाढते. वडील कितीही धर्मनिष्ठ असले तरी कोरडे आणि कडक असतील तर ती कमी होते. आजी-आजोबांचा प्रभावही त्यांनी नोंदवला: कुठे ते आईवडिलांना हातभार लावतात, तर कुठे आईवडिलांची जागाच भरून काढतात. ती कुटुंबे आपल्यापेक्षा वेगळी, तिथली घरे वेगळी, हे मान्य. पण हा निष्कर्ष याकोबाच्या कृतीशी तंतोतंत जुळतो. त्याने नातवांना जवळ घेतले ते आशीर्वादाच्या आधी.

आता यावर घेतले जाणारे आक्षेप. पहिला आक्षेप आपल्याच व्यासपीठांवरून ऐकू येतो: देवाला मुले असतात, नातवंडे नसतात. प्रत्येकाने स्वतः निर्णय घ्यायचा असेल तर आजी-आजोबांनी मध्ये का पडावे? यातला पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्यांना घरदार, जात आणि नातीगोती गमवावी लागत. त्यांच्यासाठी विश्वास ही किंमत मोजून केलेली निवड होती. आपण त्यांच्या पुढच्या पिढ्यांतले, आणि आपल्याला आडनावाबरोबर ख्रिस्ती हे नावही आयते मिळाले. विश्वास आपोआप वारशात येत नाही, हे आपल्याइतके कुणाला माहीत असणार? पण म्हणूनच साक्ष लागते. स्वतंत्र निर्णय घ्यायलाही समोर काहीतरी खरे दिसावे लागते. शिकवणी उत्तर मागते, म्हणून तिच्यात दडपण येऊ शकते. साक्ष ऐकून मूल हो म्हणू शकते, नाही म्हणू शकते, किंवा वीस वर्षांनी तिच्याकडे परत वळू शकते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, आणि तुमच्या पत्रात तो ओळींच्या मधून जाणवला. मुलगा देवळात फारसा जात नाही, सून दुसऱ्या धर्माची आहे. अशा घरात आजी-आजोबांनी बोलणे म्हणजे ढवळाढवळ नाही का? सोव्हिएत रशियातल्या आज्यांचे उदाहरण या संदर्भात आपले लोक कौतुकाने देतात. चर्चना कुलुपे लागलेल्या त्या काळात अनेक आज्यांनी नातवंडांचा बाप्तिस्मा गुपचूप करवून घेतला आणि घरात प्रार्थना जिवंत ठेवली. १९३७ च्या जनगणनेत दडपशाहीच्या छायेतही निम्म्याहून अधिक प्रौढांनी आपण श्रद्धावान आहोत असे सांगितले, त्यात या घरांचाही वाटा असावा. पण तिथे सत्तेने आईवडिलांचा हक्कच हिरावून घेतला होता. आपल्या मुलांचा आणि सुनांचा हक्क शाबूत आहे आणि तो आपण जपलाच पाहिजे. नातवंडांना आईवडिलांपासून लपवायला लावेल असे काहीही करू नका. सुनेच्या समोर प्रार्थना करा, तिच्या समोर आपली हकिगत सांगा, आणि तिच्या आईवडिलांच्या श्रद्धेबद्दल नातवंडांसमोर नेहमी आदराने बोला. जी साक्ष सुनेच्या देखत देता येत नाही, ती देण्यायोग्यच नाही.

तिसरा आक्षेप, वहिनी, तुमचा आहे: आमचेच आयुष्य कुठे इतके आदर्श आहे? मुलांना वाढवताना आमचे चुकले, प्रार्थना थंडावल्या, देवावर रागही आला, हे नातवंडांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसेल कसा? याला मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राइतके चांगले उत्तर मला दुसरे सापडत नाही. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. नवऱ्यापासून काही वर्षे दूर राहणे, मनातला क्षोभ, सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना हळूहळू गळून पडणे, संसारातली भांडणे, सगळे त्यांनी लिहिले. झाकपाक केली नाही, म्हणून पुढे त्यांनी स्वतः स्वीकारलेला विश्वास वाचकाला खरा वाटतो. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही त्यांनीच पूर्ण केले. त्यांच्या आठवणी मुलगा देवदत्त यांनी प्रकाशात आणल्या, आणि पुढे त्या ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती तयार केली नातू अशोक देवदत्त टिळक यांनी. आजीची प्रामाणिक साक्ष नातवाच्या हातात कशी पोहोचते, याचा हा आपल्याच घरचा दाखला आहे. दोष गाळून सांगितलेल्या हकिगतीत देवाला करण्यासारखे काही उरतच नाही. याकोबही काही निर्दोष नव्हता. बापाला फसवून आशीर्वाद मिळवलेला तो माणूस म्हातारपणी नातवांना आशीर्वाद देत होता.

राहिला भाषेचा आणि अंतराचा प्रश्न. मुले इंग्रजीत बोलतात, मराठी बायबल त्यांना कळत नाही, जुनी गीते जड वाटतात, हे खरे आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, कारण अल्पशिक्षित बायकांनाही ते स्वतः वाचता यावे ही त्यांची तळमळ होती. ऐकणाऱ्याला पेलेल अशी भाषा शोधणे हे प्रेमाचे काम आहे. तुम्हीही मिसळलेल्या मराठी-इंग्रजीत प्रार्थना करा, संकोच करू नका. मराठी गीत शिकवायचे तर एकच शिकवा आणि त्याचा अर्थ सांगा. फोनवर दर आठवड्याला बोलाल तेव्हा देवळात गेला होतात का, हा प्रश्न पहिला विचारू नका. त्या आठवड्यात त्यांना कशाची भीती वाटली, कशाचा आनंद झाला ते विचारा, आणि त्याच गोष्टीसाठी नाव घेऊन, त्यांना ऐकू जाईल अशी छोटी प्रार्थना करा.

तेव्हा ३१ तारखेला उपासनेला निघण्याआधी सगळे एकत्र बसा. सरत्या वर्षात कशाबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटतात, ते आधी मुलांना विचारा आणि शांतपणे ऐका. मग तुम्ही दोघांनी आपल्या आयुष्यातली एकेक हकिगत सांगा, देवाने सांभाळले ती आणि अजून ज्याचे उत्तर मिळाले नाही तीही. गोव्यातल्या कॅथलिक घरांत संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाला की मुले वडीलधाऱ्यांकडे ‘बेसांव’ मागतात आणि मोठी माणसे आशीर्वाद देतात. तुम्हीही आईवडिलांच्या संमतीने प्रत्येक नातवंडाच्या डोक्यावर हात ठेवा आणि नाव घेऊन आशीर्वाद द्या. जन्म आणि बाप्तिस्म्यांच्या नोंदी जुन्या घरांत कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानांवर करत. त्यात या वर्षीची हकिगतही तारखेसह लिहून ठेवा, म्हणजे मुलांना कधीतरी ती विचारता येईल.

तुमच्या वयात ‘आता आमचे काय ऐकणार’ असे म्हणून गप्प बसण्याचा मोह होतो. माझी तुम्हाला विनंती आहे की गप्प बसू नका. नातवंडांना प्रश्नोत्तरे शिकवणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही जे पाहिले आहे ते सांगणारे तुमच्याशिवाय दुसरे कोणी नाही. ते याच वर्षअखेरीला सांगा.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. मुलांना माझे आशीर्वाद आणि सूनबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचा धाकटा भाऊ