खाडा

'खाडा' हा शब्द मी बाराखडीच्याही आधी शिकले असेन. बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, बदली कामगार. पाळीच्या आधी दारात जाऊन उभं राहायचं. कुणा कायम कामगाराचा खाडा झाला तरच आत. म्हणजे आमची चूल पेटायची ती कुणाच्या तरी तापावर, कुणाच्या घरातल्या मयतावर. भोंग्यानंतर थोड्या वेळानं बाबा जिन्यात परत दिसले, की आई काही विचारत नसे. तांदूळ थोडे कमी घेई.

आईची खानावळ होती. कोकणातले सहा गिरणी कामगार जेवायला असत. गावी गेले की ते आपले खाडे धरून पैसे कापून देत. आईचा मात्र कधी खाडाच नसे. रविवारी भोंगा गप्प असायचा आणि तिच्यासमोर मटणाचं वाटण. तेव्हाच कधीतरी बाबा म्हणाले होते, "हा रविवार फुकट नाही मिळाला, पोरी. लोखंड्यांनी सभा घेतल्या, तेव्हा मिळाला." नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून लावून धरलेली साप्ताहिक सुट्टीची मागणी गिरणीमालकांनी 10 जून 1890 रोजी मान्य केली. आई पाट्यावरून मान वर न करता ऐकत होती.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. बदलीवाल्यांना कायम करा, हीही एक मागणी होती. बाबांसाठी तेवढी एकच. पुढे खाडे मोजणारंच कुणी उरलं नाही. आईनं त्या सहा जणांना कितीतरी महिने उधारीवर जेवू घातलं, त्याचा हिशेब तिनं मला कधी सांगितला नाही.

आज माझ्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. कामाला येणाऱ्या मावशींच्या खाड्यांवर मी लाल फुली मारायचे. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या फुलीला त्यानं काही अडवलं नाही. मागे त्यांच्या नातीला ताप होता. चार दिवसांचे पैसे कापून मी उरलेले हातावर ठेवले. त्यांनी ते न मोजता कमरेला खोचले, आणि मला जिन्यातले बाबा दिसले.

कापलेले पैसे मी परत दिले. रविवारी येऊ नका, असंही सांगितलं.

"म्हणजे खाडा नाही ना धरणार, ताई?"

"नाही."

दोनदा विचारून त्या गेल्या. सोमवारी आल्या, चपला काढल्या आणि पहिल्यांदा कॅलेंडरापाशी जाऊन उभ्या राहिल्या.