विरजण

मल्लेश्वरमच्या आमच्या घरात आई होती तोवर दह्याचे विरजण कधी मोडले नाही. सांगलीहून बंगळूरला येताना तिने ते फिरकीच्या डब्यात घालून रात्रभर मांडीवर धरून आणले होते. शेजारच्या कन्नड बाईंना त्यातले चमचाभर दिले, तेव्हा विरजणाला इकडे 'हेप्पु' म्हणतात एवढे कन्नड ती पहिल्याच दिवशी शिकली. दही लावावयास आधी दही लागते, ही गोष्ट मनात घोळवावी अशी मात्र मला त्या वेळी वाटली नव्हती.

माझा व्यवसाय संगणकाचा. एका कचेरीत आम्हां चौघांकडे एक लहानशी, घरगुती म्हणावी अशी प्रोग्रामिंगची भाषा सांभाळण्याचे काम होते. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांत उतरविणारा दुभाषी म्हणजे कंपायलर. आमचा कंपायलर त्या भाषेतच लिहिलेला होता. यात अपूर्वाई काही नाही. १९६२ साली एमआयटीत टिम हार्ट आणि माइक लेविन यांनी लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला. गो भाषेचा कंपायलर आरंभी सी भाषेत होता, तो २०१५ च्या ऑगस्टात गोमध्ये आला. यात भाषेची कसोटी लागते आणि, खरे सांगावयाचे तर, करणाऱ्याचा अहंकारही थोडा सुखावतो. मात्र अशा कंपायलरची नवी आवृत्ती घडवावयास त्याचीच जुनी, चालती आवृत्ती हाताशी असावी लागते.

ती माझ्या हातून गेली. एके संध्याकाळी मी कंपायलरमध्ये एक सुधारणा केली, जुन्याकडून नवा घडवून घेतला, दोनचार चाचण्या पाहिल्या आणि नवा जुन्याच्या जागी ठेवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी त्या नव्याने स्वतःचेच भाषांतर केले, तेव्हा जे निपजले ते सुरू होताच कोसळे. चूक सापडावयास दहा मिनिटे लागली. परंतु दुरुस्त केलेला मजकूर यंत्राला समजावून सांगणारा निरोगी दुभाषीच उरला नव्हता. रात्री आपोआप होणाऱ्या साठवणीने जुन्या प्रतीवर बिघडलेली प्रत चढविली होती. आडात पाणी होते, पोहराच नव्हता.

आई गेली त्या वर्षी आम्ही उन्हाळ्यात महिनाभर गावी राहिलो आणि परत येतो तो विरजण नासलेले. तेव्हा शेजारच्या बाईंनी वाटीभर दही आणून दिले आणि त्या म्हणाल्या, "निम्मदे." तुमचेच आहे! कचेरीतही तसेच घडले. माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेली एक सहकारी म्हणाली, "सर, माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक प्रत असेल." प्रत होती, पण दीड वर्षापूर्वीची, मधल्या काळात भाषेत आलेले नवे प्रयोग तिला उमजेनात. मग त्या काळचा मजकूर काढून तिच्याकडून थोडा पुढचा कंपायलर घडविला, त्याच्याकडून आणखी थोडा पुढचा. अशा अकरा पायऱ्या चढून तिसऱ्या रात्री आम्ही वर्तमानकाळात पोहोचलो.

त्यानंतर आम्ही दोघांनी जी स्क्रिप्ट लिहिली ती दिसावयास अगदी साधी आहे. बीजप्रत वेगळी ठेवावी आणि तिच्यावर कधीही लिहू नये. काम दर वेळी रिकाम्या जागेतून आरंभावे. मेक हे जुने साधन (१९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी केलेले) फाइलींच्या वेळा पाहून कोणती शिळी झाली ते ठरविते. पण घड्याळ चुकले की त्याचा निवाडाही चुकतो. एखादी पायरी फसली तर तेथेच थांबावे. बीजप्रतीकडून पहिली पिढी, पहिलीकडून दुसरी, दुसरीकडून तिसरी घडवावी. पहिली वेगळी निघाली तर चालेल, कारण ती जुन्याच्या हातची. दुसरी आणि तिसरी मात्र अक्षरशः एक असल्या पाहिजेत. जीसीसीत ही चाल पूर्वीपासून आहे.

आमच्या त्या एक निघेनात. आठवडाभर डोके फोडल्यावर उलगडले, की कंपायलर आपल्या जन्माची तारीख आणि वेळ स्वतःतच लिहून ठेवीत होता. ते थांबविले, तर तिच्या यंत्रावरची प्रत माझ्या यंत्रावरच्या प्रतीशी जुळेना. दोन यंत्रे फाइलींची यादी वेगवेगळ्या क्रमाने देत होती. यादी वर्णक्रमाने लावली आणि ज्या दिवशी दोन्हीकडचे ठसे जुळले त्या दिवशी आम्ही वेळेवर घरी गेलो.

तरीही एक गोष्ट सलते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात केन थॉम्पसन यांनी दाखविले, की कंपायलरमध्ये दडविलेली लबाडी मूळ मजकुरातून पुसून टाकली तरी पिढ्यान्‌पिढ्या पुढे उतरू शकते. आमच्या तिन्ही पिढ्यांचे एकमत ती पकडू शकणार नाही. आमचा अगदी पहिला कंपायलर दुसऱ्या भाषेत लिहिलेला होता; तो मजकूर मिळाला तर बीज नव्याने घडवून ताडून पाहता येईल. लिहिणारा गृहस्थ केव्हाच नोकरी सोडून गेला. गेल्या महिन्यात मी त्याला पत्र पाठविले. माळ्यावरच्या खोक्यात एक जुनी सीडी असावी, ती शोधून कळवितो, असे त्याचे उत्तर आले आहे.