मिरकरवाड्यापासून वीस मैल आत

फजरची नमाज अदा करून आम्ही चार शिक्षक मिरकरवाडा बंदरात नौकेवर चढलो, तेव्हा सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी संपून नौका पुन्हा दर्यावर जाऊ लागल्या होत्या. आमचे नाखवा म्हणजे शाळेतल्या एका मुलाचे वालिद. रविवार असल्याने नववीतला तो मुलगाही सोबत होता. आम्हाला पाहायची होती ती खोल समुद्रातली पाखरे, जी अंडी घालण्यापुरतीच जमिनीवर येतात.

किनाऱ्याजवळ दोन-चार डॉल्फिन दिसले. रत्नदुर्गाचे दीपगृह मागे पुसट झाले, गढूळ पाणी हिरवे आणि मग गडद निळे झाले. उडते मासे नौकेपुढून निसटू लागले. एका सहकाऱ्याची तब्येत इथेच बिघडली, त्याने पुढचा दिवस आडवे पडूनच काढला.

"सर, ते बघा, पाण्यावर चालतंय!" मुलगा ओरडला. चिमणीपेक्षा जरा मोठे, काळपट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. पंख पसरून, पाय पाण्यावर टेकवत ते लाटांवरून नाचत होते. विल्सन स्टॉर्म पेट्रेल! वजन जेमतेम 40 ग्रॅम. हे पाखरू अंटार्क्टिकाच्या बाजूला अंडी घालते आणि तिकडे हिवाळा असताना अरबी समुद्रात येते. गोड पाणी त्याला लागत नाही. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातले मीठ वेगळे करतात आणि ते नाकपुड्यांतून बाहेर पडते. सुभानअल्लाह! हा धडा आम्ही वर्गात फळ्यावर किती वेळा काढला असेल, पण वर्गात त्याला खारा वारा नसतो.

थोड्या वेळाने एका पोमरिन स्कुआने सुरयांचा पाठलाग सुरू केला. दुसऱ्याच्या चोचीतला मासा पळवणे हा त्याचा धंदा. त्याचे घरटे उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांचे पाहुणे रत्नागिरीसमोर एकाच पाण्यावर जमले होते.

नाखव्यांना ही नावे ठाऊक नव्हती आणि त्यांची गरजही नव्हती. ते म्हणाले, "पाखरं नुसती वर फिरली तर पुढं जायचं. खाली सूर मारू लागली की जाळं टाकायचं. माझ्या अब्बांनी हेच शिकवलं." मोठे मासे तारलीला खालून वर रेटतात आणि पाखरे वरून तुटून पडतात, हे पुस्तकातले स्पष्टीकरण आम्ही सांगितले. ते हसले. आता पाखरे कोणी बघत नाही, म्हणाले. रात्री एलईडीचा उजेड पाडून मासळी गोळा करतात, 2017 पासून बंदी असूनही. छोट्या नौकेला उरते ते डिझेलचे बिल.

जोहरच्या वेळी इंजिन बंद केले. नौकेची नाळ पश्चिमेला, किब्ला जरा उजवीकडे. नौका वळली तर नमाजीनेही वळायचे आणि उभे राहता येत नसेल तर बसून अदा करायची, हा मसला सर्वांना माहीत होता. पण लाटेवर तो पाळताना गुडघ्यांना कळला. आजारी सहकाऱ्याने बसूनच नमाज अदा केली.

परतताना एक ब्रायडल्ड टर्न तरंगत्या वस्तूवर विसावलेला दिसला. हे पक्षी वाहत्या लाकडावर असेच बसतात. दुर्बिणीतून पाहिले तर तो थर्माकोलचा तुकडा होता, त्याला तुटक्या जाळ्याचा गुंता. असल्याच गुंत्यात कासवे अडकतात. पक्षी उडाल्यावर नाखव्यांनी नौका वळवून तो गुंता गळाने वर ओढला. डिझेल महाग असताना!

"हा शिकून दुबईला जाईल इन्शाअल्लाह," मुलाकडे बघत ते म्हणाले. दिवसभरात प्रत्येक पाखरू आमच्याआधी हेरणारा तो मुलगा काहीच बोलला नाही. आमची दुर्बीण मात्र त्याने बंदर येईपर्यंत सोडली नाही.