जामठ्याला जाऊन पोहे जिंकले त्याची गोष्ट

आमच्या ऑफिसात एक व्हाइटबोर्ड आहे. त्यावर टार्गेट कमी आणि मॅचची भाकितं जास्त असतात. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबई-विदर्भ रणजी फायनल होती, तेव्हा पक्का नागपूरकर असूनही मी त्यावर 'मुंबई' लिहिलं. डोकं वापरलं, यार! विदर्भ पहिल्या डावात १०५ ला उडाला, मग ५३८ चं टार्गेट. अक्षय वाडकरनं शंभर ठोकले, तरी १६९ रनांनी हरलो. मुंबईचं ४२ वं टायटल, आणि माझं भाकीत करेक्ट. पण आमच्या डोंबिवलीकर कलीगनं 'शाब्बास' म्हणून पाठ थोपटली ना, तेव्हा जाम लाज वाटली.

म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये तीच मंडळी सेमीफायनलला नागपुरात येणार म्हटल्यावर मी मोठ्या अक्षरात 'विदर्भ' लिहिलं. पैज तर्री पोह्यांची, अख्ख्या टीमला.

"अरे, रहाणे, सूर्या, शिवम दुबे, शार्दूल! तुमच्याकडे कोण आहे? करुण नायर? तो तर कर्नाटकचा."

"आणि पंडित सर, जाफर कुठले होते बे?"

तो गप्प. २०१७-१८ आणि २०१८-१९ चे आमचे दोन्ही कप चंद्रकांत पंडितांच्या कोचिंगखाली आले. वसीम जाफरही तेव्हा आमच्याकडून खेळला. दोघंही मुंबईचे! त्याआधी साठ वर्षांत विदर्भानं साधी फायनल पाहिली नव्हती.

या वेळचं लॉजिक सोपं होतं. घरचं मैदान, आधी बॅटिंग आणि शेवटच्या दिवशी वळणारा बॉल. ३८३ केल्यावर पार्थ रेखडेनं एकाच ओव्हरमध्ये रहाणे, सूर्या आणि दुबेला घरी पाठवलं. मुंबई २७० ला आटोपली. मग यश राठोडचे १५१. चौथ्या दिवसअखेर हिशेब असा, की मुंबई ८३ ला ३, अजून ३२३ हव्यात.

शुक्रवारी, २१ तारखेला, बॉसला 'फॅमिली फंक्शन' सांगितलं आणि सीताबर्डीहून मेट्रो पकडली. सोबत डोंबिवलीकर. त्याचंही फंक्शनच होतं म्हणे. खापरीपर्यंत एसीत मजेत, पुढं वर्धा रोडवर ट्रकांच्या धुरात ऑटो. जामठ्याचं स्टेडियम लांबूनच दिसतं, आजूबाजूला शहर असं नाहीच. २००८ मध्ये गांगुली शेवटची टेस्ट इथंच खेळला. वन-डेला हाच रस्ता तासन्‌तास तुंबतो. रणजीला मात्र हवी ती खुर्ची घ्या, फक्त सावलीतली शोधा. फेब्रुवारी असला तरी नागपूरचं ऊन आहे, बाप्पा! रिकाम्या स्टँडमुळे फिल्डरांच्या हाका स्पष्ट ऐकू येतात. टीव्हीवर ही मजा नाही.

सकाळीच दुबे गेला, सूर्या गेला. १२४ ला ६. मी मनातल्या मनात पोह्यांवर तर्री ओतून घेतली.

आणि मग शार्दूल ठाकूर आणि शम्स मुलानी चिकटले! शंभरावर रन झाले. डोंबिवलीकर खुर्चीतून उठून उभा. मला वानखेडे आठवलं. मुंबईवाले असे संपत नाहीत, हे आपण लहानपणापासून पाहत आलोय. मी एवढ्या मोठ्या अक्षरात का लिहिलं? मुलानी रनआउट झाला, शार्दूल ६६ वर गेला. झालं म्हणावं तर शेवटच्या जोडीनं आणखी ५२ जोडले. मागच्या रांगेतले एक काका अकरा नंबरच्या बॅट्समनला चक्क विनवत होते, "जा ना बाबू आता, जेवाची वेळ टळून राहिली."

अखेर हर्ष दुबेनं डावातली पाचवी विकेट काढली. मुंबई ३२५, विदर्भ ८० रनांनी पुढं. काकांनी मला मिठी मारली. ओळख ना पाळख.

सोमवारी तर्री पोहे आले, कांदा, शेव, सगळं साग्रसंगीत. डोंबिवलीकरानं डोळ्यांतलं पाणी तर्रीच्या तिखटावर ढकललं. मग स्वतःहून मार्कर उचलून केरळविरुद्धच्या फायनलसाठी बोर्डावर 'विदर्भ' लिहिलं.

मी लगेच डस्टर घेऊन पुसून टाकलं. नजर लागते, राजेहो! २ मार्चला फायनल ड्रॉ झाली आणि पहिल्या डावातल्या ३७ रनांच्या लीडवर कप नागपुरातच राहिला. बोर्ड तोवर कोराच होता.