अम्मीला न सांगता

20 वर्षे शाळेच्या सहली नेल्या. नदी आली की माझे काम ठरलेले, काठावर उभे राहून मुलांची डोकी मोजायची. पाण्यात पाय कधी घातला नाही. माझा धाकटा भाऊ 9 वर्षांचा असताना विहिरीत बुडाला. त्यानंतर अम्मीने आम्हा बहिणींना नदीवर धुणे धुवायलाही पाठवले नाही.

मागच्या नोव्हेंबरात शाळेतल्या तीन मैत्रिणींनी अंधारबन आणि राफ्टिंगचा बेत ठरवला. यांना विचारले तर म्हणाले, "जा की!" अम्मीला मात्र मी फक्त जंगलात चालायला जातोय एवढेच सांगितले. खोटे नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते.

अंधारबनची वाट ताम्हिणी भागातल्या पिंप्रीजवळून निघते आणि हिर्डी गावावरून खाली भिऱ्याला उतरते. झाडी अशी दाट की भर दुपारी ऊन जमिनीला लागत नाही. हिर्डीपर्यंत आम्ही शाळकरी मुलींसारख्या खिदळत होतो. पुढच्या उतारावर गुडघे बोलू लागले, आम्ही गप्प झालो. (नवे बूट घालून डोंगरात जाऊ नये, हे मला कुणी आधी सांगितले नव्हते.)

मुक्काम कोलाडला. भूगोलाच्या बाईंनी तिथेही तास घेतला. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात येते, वीज झाली की कुंडलिकेत सुटते. सकाळी ते पाणी असते तोवरच राफ्ट चालतात. म्हणून फजरची नमाज झाली की निघालो.

हेल्मेट स्कार्फवर बसेना. गाइड पोराने पट्टा सैल करून दिला. पहिल्याच लाटेला मी कलमा पढू लागले आणि वल्हे विसरले. मागून तो ओरडला, "मॅडम, आधी वल्हे मारा, मग दुआ!"

पुढे नदी संथ झाली. ज्यांना उतरायचे त्यांनी दोर धरून उतरा, म्हणाला. मी का उतरले, सांगता येणार नाही. पायाखाली काहीच लागेना, पण जॅकेटने वर धरले. भावाजवळ असे काही असते तर, एवढेच मनात आले. मग मी दोर सोडला.

आठ दिवसांनी अम्मीला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "पानी बहोत ठंडा था क्या?"