चैत्रातला बर्फ

परीक्षा संपल्या की आपल्या घरांतून सिमला-मनालीचे, नाहीतर सिक्कीमचे बेत सुरू होतात. स्वेटर किती, चिवडा किती, दशम्या किती, ही यादी आपण बायकाच करतो. मैत्रिणींनो, त्या यादीत यंदा आणखी एक गोष्ट घाला: बर्फाशी कसे वागायचे.

गंगटोकहून चांगू तलावावरून 14,000 फुटांवरच्या नथुला खिंडीकडे रस्ता जातो. 4 एप्रिल 2023 ला, ऐन चैत्रात, भर दुपारी या रस्त्यावर हिमकडा कोसळून सात पर्यटक दगावले. परवाने 13 व्या मैलापर्यंतचेच होते, तरी लोक पुढे जात होते, असे अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले.

थंडी सरली म्हणजे धोका टळला, असे आपल्याला वाटते ना? तसे नसते. डोंगरावरचा बर्फ काही एकसंध दगड नव्हे. पोळीला पदर असतात तसे त्याला थर असतात. एखादा घट्ट, तर एखादा साखरेसारखा रवाळ. रवाळ थरावर ताज्या बर्फाचे ओझे पडले की वरचा सगळा पदर एकदम सुटतो. आणि उंचावर चैत्र-वैशाखातही नवा बर्फ पडतो बरं का!

दुसरे कारण ऊन. रात्री गोठून बर्फ टणक होतो. दिवस चढला की वितळलेले पाणी आत झिरपते आणि कणांची पकड सैल होते. म्हणून सकाळी जो उतार भक्कम, तोच दुपारी दगा देतो. रात्र ढगाळ गेली तर बर्फ नीट गोठतच नाही. मग सकाळचाही भरवसा धरू नये.

उतार कोणता वाईट? मुलांच्या कंपासपेटीतले दोन गुण्ये आठवा. एकाचा कोन 30 अंशांचा, दुसऱ्याचा 45 चा. या दोहोंमधला उतार सर्वांत धोक्याचा. नेमका तोच मुलांना घसरगुंडीसाठी हवा असतो!

तेव्हा एवढे पाळा. बर्फावर सकाळी लवकर जा, दुपारच्या आत परता. नुकताच भरपूर बर्फ पडला असेल तर एक-दोन दिवस थांबा. उभ्या उताराच्या पायथ्याशी फोटोसाठी रेंगाळू नका. पाय घोट्याच्या वर रुतू लागला, वरून बर्फाचे गोळे घरंगळू लागले, किंवा पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला, तर तिथून मागे फिरा. गाडलेल्या माणसाच्या हाती पहिली दहा-पंधरा मिनिटेच असतात. तेवढ्यात बाहेरची मदत क्वचितच पोचते.

ड्रायव्हर म्हणेल, “थोडं पुढे नेतो, मॅडम.” घरचे म्हणतील, “एवढ्या लांब आलोय तर जाऊ या की!” घरात ‘आता पुरे’ म्हणायचे काम एरवी आपलेच असते. तिथेही ते न लाजता करा.