तेल फोडणारे टोक

जहाजाच्या बॉयलरमधील जड इंधन तेल नीट जळावे यासाठी ते आधी तापवून पातळ करावे लागते व मग सूक्ष्म थेंबांत फोडावे लागते. हे दुसरे काम बर्नरच्या टोकाशी असलेला ॲटमायझर, म्हणजे तुषारक, करतो. त्याचा प्रकार रचनेवरूनच ओळखता येतो. टोक उघडल्यावर स्पर्शरेषेत खाचा कोरलेली चकती आणि मध्यभागी एकच छिद्र दिसले, तर तो दाबावर चालणारा प्रेशर जेट होय: खाचांतून शिरलेले तेल गरगरत छिद्रातून पोकळ शंकूच्या आकारात बाहेर पडते. हा सर्वांत साधा खरा, पण हट्टीही; प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने तेल निम्मे करायचे तर दाब एक-चतुर्थांशावर आणावा लागतो, आणि तेवढ्या दाबाने थेंब जाडे राहून काजळी वाढते. जास्तीचे तेल परत नेणारी दुसरी नळी जोडून ही अडचण टाळली, की तो स्पिल प्रकार ठरतो. टोकाला गोलाकार मांडलेली अनेक छिद्रे आणि सोबत वाफेची जोडणी असेल, तर तेल वाफेच्या साहाय्याने फुटते. मात्र ती वाफ धुराड्यातून जाते, म्हणजे तेवढे गोडे पाणी कायमचे गमावले जाते. मोटरने वेगात फिरणारा, तोंडाकडे रुंदावणारा कप ही रोटरी प्रकाराची खूण; त्याच्या कडेवरून फेकला जाणारा तेलाचा पापुद्रा हवेच्या झोताने फुटतो. तुलनेने दाट तेलही त्याला चालते, पण कड ओरखडली तर ज्वाला बिघडते; म्हणून ती धातूच्या पात्याने कधीही खरवडू नये.